लुदमिलाचा डावा गुडघा

६ जुलै, रविवार

संडे स्कूलच्या अहवालाची वही वेगळी आहे. तिच्यात हजेरी, पाठ, पाठांतराचं वचन आणि खाली माझी सही. ही वही माझी. अहवालात जे बसत नाही ते हिच्यात.

आज आमच्या चर्चच्या तुकाराम पाळकांनी पाकीट हातात दिलं. दरवर्षी आमच्या भागातल्या प्रत्येक संडे स्कूलला एकेक देश येतो. दोन महिने मुलांनी त्या लोकांची माहिती घ्यायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि सप्टेंबरात खानापूरच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगायचं. मला यंदा मिसर हवा होता. मोशे, फारो, नाईल नदी, सगळं पोरांना तोंडपाठ. निघालं काय, तर चेक लोक. पाळकांनाही धड माहीत नव्हतं. म्हणाले, "केशरक्का, तुम्ही बघा फोनवर. तुम्हाला जमतं."

दुपारी शिलाईमशीन बंद ठेवून बघत बसले. फोन माझ्या मुलानं, निखिलनं दिलेला, तीन वर्षांपूर्वी. समुद्र नसलेला देश. जंगलं भरपूर. सहाशे वर्षांपूर्वी तिथं एका उपदेशकाला खरं बोलला म्हणून जाळलं. आणि आज तिथले निम्म्याहून जास्त लोक म्हणतात, आम्ही कुठलाच धर्म मानत नाही.

हे वाचून फोन पालथा टाकला. ज्यांना काही मागायचंच नाही त्यांच्यासाठी पोरांनी काय मागायचं? घरात बायबल, गावात चर्च, सगळं आयतं मिळालेलं असताना पाठ फिरवणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. का येतो ते इथं लिहायची गरज नाही.

१३ जुलै, रविवार

पाठ सुरुवातीला झकास जमला. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते झकास नाही.

सातही पोरं आली होती. म्हटलं, चेक लोक पावसाळ्यानंतर टोपल्या घेऊन जंगलात अळंबी शोधायला जातात, अख्खं घरच्या घर. तर पोरं उसळलीच. झिलू म्हणाला, "म्हंजे आमच्यासारखीच हायत की!" नाताळात तिथं काही घरांत जिवंत मासा आणून न्हाणीतल्या टबात सोडतात म्हटल्यावर फुलानं विचारलं, मग ते लोक आंघोळ कुठं करतात. मला काय माहीत!

मग मोस्त गावची गोष्ट सांगितली. जमिनीखाली कोळसा निघाला म्हणून जुनं गावच्या गाव पाडलं, पण दगडी चर्च तेवढं ठेवलं. खाली रूळ घातले आणि अख्खं चर्च महिनाभर इंच इंच सरकवत लांब नेऊन ठेवलं. आमच्या मंडळींचं गाव सुप्याच्या धरणात गेलं तेव्हा चर्चची कौलं आणि बाकं ट्रकमधून इथं रामनगरला आली, हे पोरांनी घरोघरी ऐकलेलं आहे. आणि निखिलचे वडील कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन होते, म्हणून रूळ म्हणजे काय ते मी नीट सांगू शकते. पोरं गप्प बसून ऐकत होती.

"आता चेक लोकांसाठी प्रार्थना करू," म्हटलं आणि सगळं फिसकटलं.

फुला म्हणाली, "कुणासाठी?"

"चेक लोकांसाठी."

"व्हय, पर कुणासाठी? नाव काय, गाव कुठलं, काय दुखतंय?"

चूक तिची नाही. आमच्या चर्चची रीतच तशी आहे. फार वर्षांपूर्वी कुणीतरी "आपल्या आजारी बहिणीसाठी" अशी मोघम प्रार्थना केली, आणि तीन बहिणींच्या घरी सांत्वनाला माणसं गेली, त्यातली एक ठणठणीत होती. तेव्हापासून नियम झाला. चिठ्ठीवर नाव, गाव आणि दुखणं लिहायचं आणि ती बिस्किटाच्या डब्यात टाकायची. प्रार्थना ऐकली गेली की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात, स्तुतीच्या. बावीस वर्षं मीच त्या चिठ्ठ्या वाचते आहे. पोरांना याशिवाय दुसरी प्रार्थना माहीतच नाही.

सात तोंडं माझ्याकडं बघत होती. आणि मी म्हणाले, "लुदमिला. गाव मोस्त. त्या सरकवलेल्या चर्चच्या समोर राहते. डावा गुडघा दुखतो."

नाव सकाळी फोनवर कुठंतरी वाचलेलं होतं. बाकीचं कुठून आलं देव जाणे. मयूरीनं सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली. पोरांनी इतकी मनापासून प्रार्थना केली की मी डोळे मिटायचे विसरले.

१४ जुलै

गोष्ट सांगणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. येशूनंही दाखले सांगितले. उधळ्या पुत्राचं गाव कुणी विचारलं होतं का?

सहा गणवेश शिवून दिले तरी हा विचार डोक्यातून जाईना. येशूनं त्या पुत्राच्या नावाची चिठ्ठी मात्र कुणाला डब्यात टाकायला लावली नव्हती.

२० जुलै, रविवार

ठरवून गेले होते की लुदमिलाचा विषय काढायचा नाही. दारातच झिलूनं गाठलं. "लुदमिलाज्जीचा गुडघा कसा हाय?"

आज्जी! आठवड्यात तिची आज्जी झाली.

म्हटलं, अजून दुखतो. मग प्रश्नांचा भडिमार. काम काय करते? म्हटलं, शिवणकाम. घरात कोण आहे? कुणी नाही, नवरा वारला. पोरं? एक मुलगा, लांब शहरात असतो. येतो का? नाही. फोन? दोन वर्षं नाही.

"का ओ?" मयूरी म्हणाली.

"रागावलाय."

"कशाला?"

"तो चर्चला जायचं नाही म्हणाला. ती बोलली. आई बोलणारच."

झिलू म्हणाला, "मग लुदमिलाज्जीनं केला का फोन?"

"चुकला कोण? त्यानं करायचा," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असावा, कारण पुढं कुणी काही विचारलं नाही.

मयूरीनं न सांगता दुसरी चिठ्ठी लिहिली. "लुदमिलाज्जीचा मुलगा. फोन." नियमात बसत नाही, नाव नाही, गाव नाही. पण मी काही बोलले नाही.

२४ जुलै

मयूरी ब्लाउजचं माप द्यायला राखीबरोबर आली होती. राखी तिची मावशी. मयूरीची आई तुळजा मडगावला एका घरी स्वयंपाकाला आहे, दीड वर्ष झालं. मे महिन्यात येते म्हणाली, आली नाही. बाप कुठं आहे ते कुणी विचारत नाही. पोरगी अकरा वर्षांची, शहाणी, गरजेपेक्षा जास्तच शहाणी.

राखी सुतळी आणायला समोरच्या दुकानात गेली तेव्हा मयूरी हळूच म्हणाली, "केशरक्का, मी ठरवलंय. लुदमिलाज्जीच्या पोराचा फोन आला की समजायचं, माझी आई बी येणार."

"असं देवाशी ठरवायचं नसतं गं."

"मी देवाशी न्हाई ठरवलं. माझ्याशीच ठरवलंय."

माप चुकलं. दोनदा घेतलं तरी चुकलं.

३ ऑगस्ट, रविवार

पोरं विचारतात, मी "अजून काही कळलं नाही" म्हणते. आज झिलू म्हणाला, आपली प्रार्थना तिकडं पोचत नसेल, लांब आहे. फुला म्हणाली, पावसात रेंज जाते तसं असेल. सगळी हसली, मयूरी हसली नाही.

गुडघ्यानं आठवडाभर छळ मांडलाय. पायमशीन मारवत नाही. राखी म्हणते, मोटर बसवून घ्या. मोटर बसवली की मी बसले नुसती.

१० ऑगस्ट, रविवार

आज मी ते केलं.

पोरांचे चेहरे उतरलेले होते. दोघं तर आलीच नव्हती. महिनाभर मागून काही मिळत नाही म्हटल्यावर कोण कशाला येईल? मी म्हणाले, "लुदमिलाचा गुडघा बरा आहे. चालायला लागली."

पोरांनी नुसता कल्ला केला. मयूरीनं स्वतः उठून चिठ्ठी पहिल्या डब्यातून काढून स्तुतीच्या डब्यात टाकली. गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या. झिलू लंगडत लंगडत चालून दाखवायचा आणि मग धावायचा, म्हणजे लुदमिलाज्जी. मीही हसले. हसताना मला माझी लाज वाटत होती आणि तरी मी हसले.

घरी येताना चढावर दोनदा थांबावं लागलं. देवाच्या नावावर मी खोटं खपवलं. आणि ते कुणाला? पोरांना.

१२ ऑगस्ट

पाळक माझ्या शिलाईच्या दुकानात आले. कानावर गेलंच होतं. खुर्ची ओढून बसले, डोळ्यांत पाणी. "अक्का, किती दिवसांनी अशी साक्ष ऐकली! मेळाव्यात हीच सांगायची. रामनगरच्या मुलांनी मागितलं आणि चेक देशातली आजी चालायला लागली. मयूरी सांगेल. तुमचं तिच्याशी बोलणं कसं होतं पण?"

"फोनवरून," मी म्हणाले.

आता सात पोरं नाहीत, तर खानापूरचा अख्खा मांडव. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यांना चहा विचारला.

१७ ऑगस्ट, रविवार

मयूरीला भाषण लिहून द्यायला पाळकांनी सांगितलंय. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. अहवालाच्या वहीत "लुदमिला" हे नाव अजून एकदाही लिहिलेलं नाही. म्हणजे हात खोटं लिहायला तयार नाही, तोंड मात्र सराईत झालंय.

पोरं आता मुलाच्या फोनसाठी जोर लावून प्रार्थना करतात. "देवा, त्या दादाला बुद्धी दे." आणि झिलू दर वेळी शेवटी आपलं घालतो, "आन् आज्जीला बी दे." त्याला एकदा दटावलं. पुन्हा घालतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपतीची चवथ झाली. आजूबाजूच्या हिंदू घरांतून करंज्यांची ताटं आली, राखीकडंही गेली असतील. तुळजा आली नाही. तिच्या मालकिणीकडं चवथीला चाळीस माणसं जेवायला, तिला कोण सोडतंय! चवथ झाली की येते म्हणाली होती म्हणे.

संध्याकाळी राखी आली. मला वाटलं ब्लाउज न्यायला. ती उभीच राहिली.

"केशरक्का, पोरगी दुपारचं जेवत न्हाई. चार दिवस झाले. शाळेतबी ताट घेत न्हाई, आज गुरुजींनी सांगितलं. इचारलं तर म्हणती, लुदमिलाज्जीच्या पोराचा फोन यायचा हाय, उपास धरलाय. ही बाई कोण ओ? तिच्या पोराला एक फोन करायला काय झालंय? तुमी तिला सांगा की, माझी पोरगी उपाशी हाय म्हणून."

मी म्हणाले, सांगते.

राखी गेली आणि मी मशीनवर डोकं टेकून बसले. रडू आलं. लुदमिलाला कसं सांगू? ती नाहीच. तिचा मुलगा नाही, फोन नाही. उपाशी पोरगी तेवढी खरी आहे.

लगेच उठून मागोमाग गेले. मयूरीला म्हटलं, उपास सोड, देव उपाशी पोरांचं जास्त ऐकतो असं नाही. माझ्यासमोर भात खाल्ला तिनं. खाऊन झाल्यावर म्हणाली, "पर फोन आला की सांगा हं लगेच." खरं तेव्हाही सांगितलं नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार. हे इथं लिहिलंय म्हणजे आता मागं फिरता येणार नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

वर्ग सुरू व्हायच्या आधीच उभं राहून सांगितलं, नाहीतर पाय मागं फिरले असते. लुदमिला नावाची कुणी आजी मला माहीत नाही. मी ती बनवली. गुडघा बरा झाला हेही खोटं. तुम्ही खरी प्रार्थना केली आणि मी तुम्हाला फसवलं. मला क्षमा करा.

झिलूनं विचारलं, "चर्च रुळावरनं सरकवलं ते?" म्हटलं, ते खरं. "आन् मासा?" तोही खरा. "अळंबी?" खरी. त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

मयूरी उठली. स्तुतीचा डबा उघडून गुडघ्याची चिठ्ठी काढली, पहिल्या डब्यातून फोनची काढली, दोन्ही मुठीत घेतल्या आणि चालती झाली. मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. फुला रडायला लागली.

दुपारी पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पत्र पाठवून दिलंय हो, अक्का, खानापूरला. साक्ष म्हणून." रागावले असते तर परवडलं असतं. संडे स्कूल माझ्याकडं राहील की नाही ते मेळाव्यानंतर बघू म्हणाले. ते गेलं तरी चालेल असं मी म्हणाले. ते खोटं होतं. आता पुरे झालं खोटं, म्हणून इथं खरं लिहिते. गेलं तर माझ्याकडं काही उरणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

राखीकडं गेले. मयूरी अंगणात वालीच्या शेंगा निवडत होती. मी शेजारी पायरीवर बसले, म्हणजे कशीबशी टेकले. राखी आत गेली, पण दाराशीच उभी होती.

मयूरी शेंगांकडंच बघत म्हणाली, "मग गुडघा कुणाचा?"

"माझा."

"शिवणकाम?"

"माझंच."

"आन् पोरगा? निखिलदादा?"

मी होकारानं मान हलवली. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणाला बसलो होतो. तो म्हणाला, आई, मला हे आता पटत नाही, खोटं खोटं येऊन बसायला मला जमणार नाही. आणि मी म्हणाले, चर्चला यायचं नसेल तर या घरीही येऊ नकोस. तो ताटावरून उठला. एवढंच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, या वहीलाही आजच सांगते आहे. त्या अकरा वर्षांच्या पोरीला सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे तो खोटं न्हाई बोलला."

"नाही."

"मग डब्यात तुमची चिठ्ठी का न्हाई? इतकी वर्षं आमच्या वाचता."

मी म्हणाले, लाज वाटली. संडे स्कूलच्या बाईचाच मुलगा, लोक काय म्हणतील.

मयूरी आत गेली. मला वाटलं, संपलं. ती वहीचा कागद आणि पेन घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "नाव, गाव, दुखणं."

लिहिलं. केशर. रामनगर. डावा गुडघा. आणि खाली, मुलगा फोन करत नाही.

तिनं वाचलं. कपाळाला आठ्या घालून परत दिलं. "दुखणं बरोबर लिवा. तुमी करता का?"

मी शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, मी मुलाला घराबाहेर काढलं.

तिनं घडी घातली. मग स्वतःचीही एक लिहिली, मला दाखवली नाही. मला माहीत आहे काय असणार. दीड वर्षात तिनं आईच्या नावाची चिठ्ठी कधी टाकली नव्हती, हे माझ्या आता लक्षात आलं. तीही दुसऱ्याच बाईच्या नावावर मागत होती.

७ सप्टेंबर, रविवार

खानापूरचा मेळावा. मांडव भरलेला, पंखे बंद. मिसर कक्केरीच्या मुलांना गेला होता, त्यांनी फारोला कागदी दाढी लावली होती. छान केलं.

आमची पाळी आली. पाळकांनी पुढं होऊन स्वच्छ सांगितलं की पत्रात लिहिलेली साक्ष खरी नाही, चूक आमची आहे. "आमची" म्हणाले, "केशरक्कांची" नाही. हे मी विसरणार नाही. मांडवात कुजबुज झाली. पोरांनी अळंबी, मासा आणि सरकणारं चर्च सांगितलं. झिलू आणि दोघं रुळावर चर्च ढकलत होते, आणि सगळ्यांच्या कपाळावर खरा घाम होता.

मग मयूरीनं प्रार्थना केली. मी लिहून दिलेली नव्हती. जशी आठवते तशी लिहिते.

"देवा, चेक लोकांत लुदमिला नावाची कोण तरी आज्जी असंल. इतकी माणसं हायत, तर एक तरी असंलच. तिचा गुडघा दुखत असंल. तिचा पोरगा लांब असंल. आमी दोन महिने मागितलं ते तिला जाऊ दे. आमच्या अक्कानं खोटं सांगितलं, पर आमी खरं मागितलंय. आमेन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी हुंदका दिला. मला वाटतं तो माझाच होता.

परतीच्या गाडीत मयूरी माझ्याशी बोलली नाही, पण शेजारी बसली.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी साडेआठला फोन लावला. तो कामावर निघायच्या आत. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, क्षमा वगैरे. तीनदा वाजला आणि त्यानं उचलला. "आई?"

कागद दिसेनासा झाला. मी म्हणाले, "गुडघा दुखतोय रे."

तो म्हणाला, "कुठला?"

"डावा."

"कधीपासून?"

बावीस मिनिटं बोललो. चर्चचं मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही. घरी ये, एवढं मात्र म्हटलं. बघतो म्हणाला. त्याचं बघतो म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे, कधी येतो, कधी नाही.

संडे स्कूल पाळकांनी माझ्याकडंच ठेवलंय. पुढच्या रविवारचा पाठ काढायचा आहे. डबे आज मीच पुसले. गुडघा बरा नाही आणि तुळजाचा काही निरोप नाही. मयूरीची आणि माझी, दोन्ही चिठ्ठ्या अजून पहिल्याच डब्यात आहेत.